निअँडरथलांची मोडलेली हाडं

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोजचं काम म्हंजे मोडलेली हाडं, आखडलेले सांधे, लुळे पडलेले हातपाय, त्यामुळे निअँडरथलांकडे (आपल्याला जवळची, पण हजारो वर्षांपूर्वी संपलेली वेगळी माणसं) मी वळले ती गुहेतली चित्रं किंवा दगडाची हत्यारं बघून नाही, एका सांगाड्याच्या दुखण्यांचं वर्णन वाचून. शानिदर १ असं त्या सांगाड्याचं नाव. इराकच्या कुर्दिस्तानात झाग्रोस डोंगरांमध्ये शानिदर नावाची मोठी गुहा आहे, तिथं राल्फ सोलेकी या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९५१ ते १९६० च्या दरम्यान खोदकाम केलं आणि त्यातून एकूण दहा निअँडरथलांचे अवशेष मिळाले. त्यातला हा पुरुष १९५७ साली सापडला. मेला तेव्हा वय चाळीस-पन्नासच्या आसपास, आणि त्याला आता निदान पंचेचाळीस हजार वर्षं झाली.

त्याची अवस्था ऐका. डाव्या डोळ्याच्या खोबणीला कधीतरी जबरदस्त मार बसलेला, हाड चेपलेलं, म्हंजे त्या डोळ्याने त्याला बहुतेक दिसतच नसणार. उजवा दंड बारीक राहिलेला, दंडाचं हाड एकाहून जास्त ठिकाणी मोडून जुळलेलं, आणि कोपराच्या वरपासून पुढचा हात नाहीच. उजव्या पावलात जुनं फ्रॅक्चर, गुडघा आणि घोटा झिजलेला, म्हंजे लंगडत चालत असणार. वर कानाच्या नळीत हाडाची वाढ झालेली, २०१७ साली एरिक ट्रिंकाउस आणि सेबास्तियाँ व्हियोट या अभ्यासकांनी ती नीट तपासून सांगितलं की याला ऐकायलाही बरंच कमी येत असणार. आणि या सगळ्या जखमा त्याच्या मरणाच्या कितीतरी आधीच्या, पूर्ण भरून आलेल्या. म्हंजे हा माणूस (मी माणूसच म्हणणार) एक डोळा, एक हात, एक धड पाय आणि अर्धवट कान घेऊन त्या डोंगरात वर्षानुवर्षं जगला, जिथं आजूबाजूला जंगली जनावरं, हिवाळ्यात कडाक्याची थंडी आणि पोटासाठी सतत हिंडणं.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात आपोआप पेशंटच्या फाईलसारखे प्रश्न सुरू झाले. हात तुटला तेव्हा रक्त कुणी थांबवलं? जखम चिघळली असेल, ताप आला असेल, त्या दिवसांत पाणी कुणी आणून दिलं? मुक्काम हलवायचा असेल तेव्हा याच्या चालीने कोण चाललं? बहिऱ्या कानाला मागून येणारं जनावर कळत नाही, तेव्हा याला कुणी हात धरून ओढलं असेल ना कधीतरी? हाडावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं, पण हाड जुळलंय आणि त्यानंतर माणूस बरीच वर्षं जगलाय हे लिहिलेलं असतं, आणि माझ्या धंद्यात आम्हाला पक्कं माहीत असतं की अशा जखमेनंतरचे पहिले काही आठवडे पेशंट एकटा काढू शकत नाही.

पण मला याहून जास्त आवडलेली गोष्ट म्हंजे त्याचे दात. पुढचे दात प्रचंड झिजलेले आहेत, आणि अभ्यासकांचं म्हणणं असं की तो दातांचा वापर हातासारखा करत असणार, काहीतरी दातात धरायचं आणि राहिलेल्या हाताने ओढायचं, कापायचं, सोलायचं. निअँडरथलांमध्ये पुढचे दात झिजलेले बऱ्याच जणांचे असतात, तो त्यांचा सगळ्यांचाच रिवाज दिसतो, पण याच्याकडे तर दुसरा हातच नव्हता. म्हंजे तो कोपऱ्यात बसून मिळेल ते खाणारा नव्हता, तो काम करत होता! हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण अशा सांगाड्यांबद्दल बोलताना लगेच "बिचाऱ्याला सगळ्यांनी सांभाळलं" असं म्हणतो आणि त्या माणसाला एकदम गाठोडं करून टाकतो. घरोघरी हेच बघते मी. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना सून इतक्या मायेने सगळं हातात आणून देते की चांगला राहिलेला हातही सहा महिन्यांत आखडतो, आणि मग मला घरच्यांना समजवावं लागतं की त्यांना लसूण सोलायला द्या, शेंगा फोडायला द्या, वेळ लागू दे, सांडू दे. शानिदरच्या त्या टोळीत कुणी हे ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही, तिथं बसून राहणं कुणालाच परवडणारं नसेल, पण त्याच्या वाट्याला काम होतं आणि त्या कामासकट तो त्यांच्यातला होता एवढं दातांवरून दिसतं.

आता इथं एक फॉरवर्ड आठवल्याशिवाय राहणार नाही, तुम्हालाही कधीतरी आलाच असेल. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना कुणा विद्यार्थ्याने विचारलं की संस्कृतीची पहिली खूण कोणती, तर त्या म्हणाल्या मोडून जुळलेलं मांडीचं हाड, कारण जनावराचा पाय मोडला की ते मरतं आणि माणसाला कुणीतरी सांभाळतं. गोष्ट सुंदर आहे, आमच्या फिजिओ ग्रुपवर तर दर काही महिन्यांनी फिरते, पण मीडबाई असं म्हणाल्याचा पक्का पुरावा कुणाला मिळालेला नाही, आणि मुख्य म्हंजे ती जशी सांगितली जाते तशी खरीही नाही. जंगलातल्या गिबनांच्या सांगाड्यांमध्ये मोडून आपोआप जुळलेली हाडं भरपूर सापडतात, फांदीवरून पडतात, हाड मोडतं, वेडंवाकडं जुळतं आणि ते पुढे जगतात. त्यामुळे नुसतं एक जुळलेलं हाड दाखवून "बघा माणुसकी" असं म्हणता येत नाही. बघावं लागतं ते हे की एकाच शरीरावर किती गोष्टी साठल्यात आणि त्यातल्या कुठल्या एकट्याने निभावण्यासारख्या नव्हत्या.

म्हणून मला स्पेनमधल्या टिनाची गोष्ट जास्त पटते. व्हॅलेन्सिया भागात शातिवा गावाजवळ कोवा नेग्रा नावाची गुहा आहे, तिथं १९८९ साली खोदकामात मिळालेल्या हाडांमध्ये कानामागच्या हाडाचा एक छोटासा तुकडा होता, जनावरांच्या हाडांबरोबर ठेवलेला, आणि पुढे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की हा निअँडरथल मुलाचा आहे. मर्सेडिस कोंदे-वाल्वेर्दे यांच्या टीमने त्याचं सीटी स्कॅन केलं आणि २०२४ साली प्रसिद्ध केलं की आतल्या कानाच्या रचनेत एवढे दोष एकत्र फक्त डाउन सिंड्रोममध्येच दिसतात. मूल मुलगा होता की मुलगी ते कळत नाही, टिना हे त्यांनी प्रेमाने ठेवलेलं नाव. वय निदान सहा. या मुलाला नीट ऐकू येत नसणार, सतत चक्कर येत असणार, तोल सांभाळता येत नसणार, आणि डाउनच्या बाळांना सुरुवातीला दूध ओढायलाही त्रास होतो हे ज्यांनी असं बाळ वाढवलंय त्यांना सांगायला नको.

सहा वर्षं! विसाव्या शतकात, १९२९ च्या सुमाराला, डाउन असलेल्या मुलांचं सरासरी आयुर्मान नऊ वर्षं होतं, डॉक्टर होते, दवाखाने होते तरी. आणि इथं साधारण दीड लाख वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी एका गुहेत हे मूल सहा वर्षं जगलं.

याच संशोधनात टांझानियातल्या महाले जंगलातल्या एका चिंपांझी पिल्लाची तुलना दिलीय, २०११ साली जन्मलेलं, डाउनसारखी लक्षणं असलेलं. आईने त्याला पोटाशी धरून ठेवलं, मोठ्या बहिणीने मदत केली, आणि ते जवळजवळ दोन वर्षं जगलं. त्यामुळे माया फक्त माणसाचीच असं म्हणायला जागा नाही, चिंपांझी आईने जीव तोडून केलंच की. पण बहिणीला स्वतःचं पिल्लू झालं आणि तिची मदत थांबली, त्यानंतर ते पिल्लू फार काळ दिसलं नाही. टिनाच्या आईला मात्र अन्न गोळा करणं, मुक्काम बदलणं आणि हे मूल हे सगळं सहा वर्षं एकटीने जमलं असेल असं कुणालाच वाटत नाही, कुणीतरी तिचं ओझं वाटून घेतलं असणार. आणि हे मूल मोठं होऊन शिकार आणून परतफेड करणार नव्हतं हेही तेव्हा सगळ्यांना दिसत असणारच. मला विचाराल तर निअँडरथलांच्या अख्ख्या अभ्यासात मला सगळ्यात हलवून सोडलेला तुकडा हाच आहे, बोटाच्या पेराएवढा.

हे सगळं आत्ता आत्ता कळायला लागलं, आधीची शंभर-दीडशे वर्षं आपण यांच्याशी कसं वागलो ते बघितलं की वाईट वाटतं. १८५६ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ नेआंडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीतल्या मजुरांना काही हाडं सापडली, त्यांनी ती गाळाबरोबर बाहेर फेकली, अस्वलाची असतील म्हणून खाणमालकाने योहान फुलरोट या शाळामास्तरांना दाखवली आणि मास्तरांनी ओळखलं की हा माणसासारखाच पण कुणीतरी वेगळा आहे. त्यावर मोठमोठ्या विद्वानांची मतं काय तर एक म्हणाला हा १८१४ च्या सुमाराला इथून गेलेल्या रशियन फौजेतला कोसॅक घोडेस्वार, पाय वाकलेत ते मुडदूस आणि घोडेस्वारीने. आणि रुडॉल्फ फिरखो, म्हंजे आधुनिक पॅथॉलॉजीचा बाप म्हणतात तो माणूस, त्यानेही सांगितलं की हा आपल्यासारखाच, फक्त लहानपणी मुडदूस आणि म्हातारपणी संधिवात झालेला. थोडक्यात, जे वेगळं दिसतं तो आजार.

मग १९०८ साली फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सेँ गावाजवळ एक जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, बूयसोनी नावाच्या पाद्री भावांनी शोधलेला, आणि तो गेला मार्सेलाँ बूल या पॅरिसच्या बड्या तज्ज्ञाकडे. त्याने अगदी उलटं केलं. या माणसाची मान, पाठ, खुबा सगळीकडे झीज होती, दाढा बहुतेक पडून गेलेल्या आणि तिथला जबडा भरून आलेला, म्हंजे दुखण्यांनी पिंजलेला म्हातारा जीव. पण बूलने त्याचं जे चित्र उभं केलं ते गुडघ्यात वाकलेल्या, मान पुढे काढून फरफटत चालणाऱ्या अर्ध्या जनावराचं, आणि जाहीर केलं की ही जातच अशी. पुढची चाळीस-पन्नास वर्षं पुस्तकांत, म्युझियममध्ये, व्यंगचित्रांत तेच. १९५७ साली विल्यम स्ट्राउस आणि ए. जे. ई. केव्ह या दोघांनी तोच सांगाडा परत बघून सांगितलं की अहो, संधिवात आहे हा, आणि याला आंघोळ घालून, दाढी करून, आजचे कपडे घालून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसवलं तर कुणी वळून बघणार नाही. नंतर ट्रिंकाउसने आणखी एक गोष्ट दाखवली, की त्या झिजेनेसुद्धा माणूस एवढा वाकत नाही, बूलच्या चित्राचं कारण फक्त आजार नव्हता, त्याच्या मनात आधीच ठरलेलं होतं की हा खालचा आहे. २०१९ मध्ये त्याच सांगाड्याचं कटिहाड आणि मणके कॉम्प्युटरवर जुळवून बघितले तर कण्याचा बाक आपल्यासारखाच निघाला.

एकाने वेगळेपणाला आजार म्हटलं, दुसऱ्याने आजाराला स्वभाव म्हटलं. या दोन्ही गोष्टी मी ओपीडीत बघत असते. पार्किन्सन्सच्या पेशंटचा चेहरा हळूहळू हलेनासा होतो, हसू येत नाही, आवाज खाली जातो, आणि नातेवाईक, शेजारी म्हणायला लागतात की काका हल्ली फार घुमे झालेत, आलेल्याशी बोलत पण नाहीत, पूर्वीपासून जरा ताठाच होता त्यांना. आजार मेंदूचा आणि ठपका माणसावर. तसंच उलट, जन्मापासून वेगळं चालणाऱ्या, स्वतःच्या चालीने सगळं जमवणाऱ्या मुलाला घेऊन आई-बाप येतात की याला "बरं" करा, आणि मला सांगावं लागतं की तो आजारी नाहीये. मला वाटतं बूलकडे सीटी स्कॅन नव्हतं हा खरा मुद्दा नाहीच, हाडं तीच होती, १९११ मध्ये पण आणि १९५७ मध्ये पण. बघणाऱ्याने समोरच्याला आपल्यातला धरलंय की नाही, यावर त्याला काय दिसतं ते ठरलं.

तर मग उलट टोकाला जाऊन त्यांना संत करू नये हेही तितकंच खरं. शानिदरमध्येच १९६० साली मिळालेल्या चौथ्या सांगाड्याभोवतीच्या मातीत फुलांच्या परागकणांचे पुंजके सापडले, आर्लेत लरुआ-गूराँ या बाईंनी ते तपासले, आणि जगभर झालं की निअँडरथल मेलेल्यावर फुलं वाहायचे. काळ साठ-सत्तरच्या दशकातला, लोकांना ती कल्पना प्रचंड भावली. पण नंतर शंका निघाल्या, उंदरासारखे बिळं करणारे प्राणी फुलं आत ओढून नेतात, आणि २०२३ मध्ये ख्रिस हंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वेगवेगळ्या ऋतूत फुलणाऱ्या झाडांचे पराग त्यात एकत्र आहेत, मग ती एका वेळची फुलं कशी असतील, जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्यांचं ते काम असण्याची शक्यता जास्त. मला याचं अजिबात वाईट वाटलं नाही. त्याच जागी २०१८ मध्ये केंब्रिजच्या टीमला आणखी एक सांगाडा मिळाला, शानिदर झेड, चाळिशीतली बाई, पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची, कवटी दगडमातीच्या भाराने चपटी झालेली, दोनशेच्या वर तुकडे जोडून ती परत उभी केली. आणि गुहेतल्या एका उभ्या मोठ्या खडकाजवळ एकाच ठिकाणी वेगवेगळ्या वेळी माणसं आणून ठेवलेली दिसतात. फुलं नसली तर नसू देत, जागा लक्षात ठेवून तिथंच परत आणत होते एवढं मला पुरतं.

आणि दुसरी बाजूही सांगायलाच हवी. उत्तर स्पेनमध्ये एल सिद्रॉन गुहेत १९९४ पासून तेरा निअँडरथलांची हाडं मिळाली, पुरुष, बायका, किशोरवयीन, लहान मुलं, आणि त्या हाडांवर मांस सोडवल्याच्या खुणा आहेत, आतल्या मज्जेसाठी हाडं फोडलेली आहेत. त्यांना कुणीतरी खाल्लं, दुसऱ्या निअँडरथलांनीच. फ्रान्समध्ये मूला-गेर्सी गुहेतही तसंच. आपण होमो सेपियन पण यात मागे नाही, इंग्लंडमधल्या गॉफ्स केव्हमध्ये साधारण पंधरा हजार वर्षांपूर्वी आपल्याच जातीच्या लोकांनी माणसं खाऊन कवट्यांचे पेले केलेत. याच एल सिद्रॉनमधल्या एकाच्या दाताला गळू होता आणि त्याच्या दातांवरच्या किटणात पॉप्लर झाडाचे अंश मिळाले, ज्याच्या सालीत ॲस्पिरिनच्या जवळचं द्रव्य असतं. म्हंजे दुखणाऱ्या दातासाठी झाडाची साल चघळणारा आणि शेवटी कुणाच्या तरी हातून कापला जाणारा एकाच गुहेत. यातलं एक खरं आणि दुसरं अपवाद असं मला करता येत नाही. जे हात एकाला उचलून आणत होते तेच दुसऱ्या टोळीच्या माणसाला कापत होते, आणि ही विभागणी, आपले आणि परके, आजच्या बातम्या बघितल्या तर काही फार बदललेली नाही.

जेवणाबद्दल थोडंसं, कारण मला राहवत नाही. निअँडरथल म्हंजे फक्त मांस, असंच सगळे धरून चालतात. शानिदरमधल्याच जळलेल्या अन्नाच्या बारीक तुकड्यांचा अभ्यास २०२२ मध्ये जेरेन काबुकजू यांनी केला, तर त्यात रानटी कडधान्यं निघाली, भिजवलेली आणि ठेचलेली. सालं पूर्ण काढलेली नव्हती, म्हंजे थोडी कडवट चव राहत असणार. भिजवायचं म्हंजे आधी ठरवावं लागतं, पाणी साठवावं लागतं, थांबावं लागतं. आणि ज्याच्या दाढा गेल्यात अशा म्हाताऱ्याला ठेचलेलं मऊ अन्न घशाखाली उतरतं, हा माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार.

मग सायबेरियातली चागिर्स्काया गुहा. २०२२ साली तिथल्या आणि जवळच्या ओक्लादनिकोव्ह गुहेतल्या मिळून तेरा निअँडरथलांचा डीएनए वाचला गेला आणि त्यात पहिल्यांदाच एक कुटुंब सापडलं, बाप आणि त्याची वयात आलेली मुलगी, शिवाय आणखी काही नातेवाईक. चोपन्न हजार वर्षांपूर्वीची एक मुलगी आणि तिचा बाप, एकाच गुहेत! त्या टोळीत माणसं असतील दहा-वीस. आणि बापाकडून मुलग्याला जाणारा वाय क्रोमोसोम सगळ्या पुरुषांमध्ये बराच सारखा, पण आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए बराच वेगवेगळा, याचा अर्थ असा की बायका दुसऱ्या टोळ्यांमधून आलेल्या होत्या, अर्ध्याहून जास्त बायका. हे वाचताना मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या, माहेरची वाट, भाऊराया, डोंगराआड राहिलेली आई. त्या बायका काय बोलत होत्या, बोलत होत्या तरी कशा, ते कुणाला माहीत, पण आईबापाला सोडून अनोळखी माणसांत जाऊन तिथं मुलं वाढवणं हे एवढं जुनं आहे याने मला खरंच गलबलून आलं. त्यातली कुणी आजारी पडली तर तिला सांभाळणारे सगळे रक्ताने परकेच ना.

आता दहा-वीस माणसांची टोळी म्हटली की हिशोब बदलतो. काही अभ्यासक विचारतात की ही काळजी माया होती की गणित, कारण एवढ्याशा टोळीत एक अनुभवी माणूस गेला तर सगळ्यांचंच नुकसान, मग त्याला जगवणं फायद्याचंच. यॉर्क विद्यापीठाच्या पेनी स्पायकिन्स यांनी यावर बरंच लिहिलंय आणि त्यांचं मत असं की टिकलेल्या जखमा बघता ही काळजी फायद्याच्या हिशोबाने केलेली वाटत नाही. मला स्वतःला हा प्रश्नच जरा पुस्तकी वाटतो. खुब्याचं हाड मोडलेल्या आईला रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवणाऱ्या मुलाला विचारा की हे मायेने करतोस की पाठीला जखमा झाल्या तर खर्च वाढेल म्हणून, तो म्हणेल दोन्ही, आणि मुख्य म्हंजे त्याच्याकडे त्या वेळी विचार करायला वेळच नसतो.

पण एवढ्या लहान टोळ्या हेच त्यांच्या संपण्याचं एक कारण असावं. साधारण चाळीस हजार वर्षांपूर्वी ते संपले. सायबेरियातल्या अल्ताई डोंगरांमधल्या एका निअँडरथल बाईच्या डीएनएवरून तिचे आईबाप सावत्र भावंडांइतके जवळचे होते असं दिसतं, आणि फ्रान्समधल्या मांद्रँ गुहेतल्या थॉरिन नावाच्या निअँडरथलाचा वंश तर पन्नास हजार वर्षं शेजारच्यांपासून तुटलेला निघाला, हे २०२४ मध्ये कळलं. ते मूर्ख होते म्हणून संपले असं म्हणायला मला तरी पुरावा दिसत नाही. ते फार थोडे होते, फार लांब लांब होते.

आणि पूर्ण संपलेही नाहीत. भारतात निअँडरथलाचं एकही हाड मिळालेलं नाही, नर्मदेकाठी हथनोराला १९८२ मध्ये अरुण सोनकियांना मिळालेली जुनी कवटी नेमकी कुणाची यावर अजून वाद आहे, पण निअँडरथल इथं दुसऱ्या वाटेने आले, आपल्या पेशींमधून. स्वांते पेबो यांनी १९९७ मध्ये त्या पहिल्या नेआंडर खोऱ्यातल्या हाडातून थोडा डीएनए काढला, २०१० मध्ये त्यांच्या टीमने निअँडरथलांच्या जीनोमचा, म्हंजे सगळ्या डीएनएचा, पहिला मसुदा मांडला, २०२२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांमध्ये साधारण दोन टक्के डीएनए त्यांचा, म्हंजे माझ्यातही, हे वाचणाऱ्या तुमच्यातही.

हे मी २०२० च्या शेवटी वाचलं तेव्हा ते निव्वळ कुतूहल नव्हतं, कारण त्या वर्षी मी कोविड वॉर्डात छातीची फिजिओथेरपी करत होते. ह्यूगो झेबर्ग आणि पेबो यांचा पेपर आला होता की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक तुकडा, तिसऱ्या क्रोमोसोमवरचा, आपल्याला निअँडरथलांकडून आलाय, क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या पन्नास हजार वर्षं जुन्या निअँडरथल बाईत तो जवळजवळ तसाच सापडतो, आणि युरोपात तो साधारण सोळा टक्के लोकांत आहे तर दक्षिण आशियात जवळपास पन्नास टक्के लोकांत. पन्नास टक्के! पीपीई किटमध्ये घामाने निथळत उभं असताना समोरच्या दोन रांगांकडे बघून मला तो आकडा आठवायचा. वय, डायबेटिस, उशिरा आणलेला पेशंट, ऑक्सिजनची मारामार, ही कारणं होतीच आणि ती डोळ्यांना दिसत होती, एका जीनवर सगळं ढकलणं चूकच. पुढच्याच वर्षी त्याच दोघांनी बाराव्या क्रोमोसोमवरचा आणखी एक तुकडा शोधला, तोही निअँडरथलांचाच, जो गंभीर कोविडचा धोका वीस-बावीस टक्क्यांनी कमी करतो. म्हंजे मारणारंही त्यांच्याकडून आणि राखणारंही.

वॉर्डात कुणाकडे कुठला तुकडा होता ते कुणी तपासलं नाही, आणि तपासून उपचारात काही फरक पडला नसता. ऑक्सिजन खाली गेलेल्याला पालथं झोपवायचं, म्हंजे फुफ्फुसांच्या मागच्या भागात हवा जाते, एवढं आम्हाला माहीत होतं. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला नळ्या सांभाळत पालथं करायला चार-पाच जण लागायचे, एक डोक्याशी उभा राहून तोंडातली नळी धरणार, बाकीचे दोन्ही बाजूंनी, आणि डोक्याशी असलेला तीन म्हणाला की सगळ्यांनी एकदम.